उतार राखणारे किल्ले

बीड जिल्ह्यात कुणी 'गडावर चाललो' म्हटलं, की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बुरूज आणि तोफा येतात. आमच्याकडच्या माणसाला मात्र वीणा आणि टाळ ऐकू येतात. नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड हे आमचे गड. इथे गादी असते ती महंतांची. पंगत बसते, कीर्तन रंगतं, समाधीपुढे डोकी टेकतात. नगद नारायण महाराजांच्या नारायणगडाला लोक 'धाकटी पंढरी' म्हणतात आणि आषाढी जवळ आली, की इथली पालखी थोरल्या पंढरीकडे निघते.

त्या वाटेवर मी एकदा नकाशात नुसतं बोट फिरवलं. बालाघाटाचे डोंगर मागे टाकायचे, सीना ओलांडायची आणि शेवटी भीमा. पंढरपूर भीमेच्या उजव्या काठावर आहे, त्यामुळे बीडकडून जाणाऱ्याला विठ्ठलाआधी नदी भेटते. बोट सीनेवर आलं आणि तिथेच थांबलं. साडेचारशे वर्षांपूर्वी हा सगळा पट्टा अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही यांच्यातल्या भांडणाचा होता. पुढे शंभर वर्षांनी भीमेच्या काठाने मुघलांची ठाणी बसली. म्हणजे आमची दिंडी टाळ वाजवत जिथून जाते, तिथे कधीकाळी राज्यं संपत होती आणि सुरू होत होती. त्या जुन्या सरहद्दीवर तोफा-बुरुजांचे किल्ले अजून उभे आहेत. त्यांतले काही डोंगरावर नाहीत, समुद्रातही नाहीत. ते थेट नदीला खेटून आहेत.

डोंगरी किल्ला पाहताक्षणी कळतो, कारण त्याची उंची हेच त्याचं बळ असतं. जलदुर्गाभोवती समुद्र असतो. पण सपाट माळावर, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी उरणाऱ्या नदीच्या काठी कुणी किल्ला का बांधावा?

एका शब्दात दडलेलं उत्तर

उत्तर आपल्या भाषेतल्या एका साध्या शब्दात आहे: उतार.

नदी सगळीकडे सारखी नसते. एखाद्या डोहात हत्तीला ठाव लागत नाही. कोस-दोन कोस पुढे गेलं, की काळ्या खडकाचा थर वर येतो, पात्र पसरतं आणि पाणी मांडीपर्यंत येतं. तिथून बैलगाडी जाते, धान्याच्या गोण्या लादलेला बंजाऱ्यांचा तांडा जातो, घोडदळ जातं आणि तोफेचा गाडाही जातो. हा झाला उतार. पूल नव्हते तेव्हा गावोगावच्या वाटा उतार पाहूनच पडल्या. बाजार तिथे भरला, पेठ तिथे वसली, देऊळ तिथे उभं राहिलं.

आता सरदाराच्या नजरेने पाहा. भीमाशंकरापासून कृष्णेच्या संगमापर्यंत भीमा ८६१ किलोमीटर वाहते. एवढा काठ राखायला कुठल्या बादशहाकडे माणसं होती? पण एवढा काठ राखायचं कारणच नव्हतं. शत्रूची फौज कुठूनही येऊ शकत नाही, ती उताराशीच येणार. पहारेकऱ्याचं निम्मं काम नदीच करते. उरलेलं निम्मं काम करायला उताराशी एक किल्ला लागतो. नदी ही दारं असलेली भिंत आहे आणि काठावरचा किल्ला ही त्या दाराची कडी.

ही गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांनी ज्या प्रमाणात करून ठेवली, ते पाहिलं की माणूस थक्क होतो.

ऱ्हाइन आणि डॅन्यूब

इसवी सन ९ मध्ये जर्मनीतल्या ट्यूटोबर्गच्या अरण्यात सेनापती व्हॅरस आणि त्याची तीन लष्करं, म्हणजे तीन लिजन, कापली गेली. त्यानंतर रोमने जर्मनी पचवण्याचा नाद हळूहळू सोडला आणि ऱ्हाइन नदी सरहद्द म्हणून धरली. पूर्वेकडे डॅन्यूब धरली. उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत युरोपच्या अंगावर या दोन नद्यांची तिरपी रेघ आहे. त्या रेघेवर ठाण्यांची आणि मधल्या टेहळणी बुरुजांची ओळ उभी राहिली.

प्रत्येक ठाणं जवळजवळ एकाच साच्याचं असे. गोलावलेल्या कोपऱ्यांचा आयत, भोवती खंदक, आत मातीचा आणि पुढे दगडी झालेला तट, चार दिशांना चार दरवाजे, एकमेकांना छेदणारे रस्ते आणि मधोमध मुख्य कचेरी. साधारण पाचशे शिपायांची एक तुकडी अशा ठाण्यात राही. लिजनची छावणी याच्या कितीतरी पट मोठी, पाच हजारांहून अधिक माणसांची. सिरियातला शिपाई बदली होऊन डॅन्यूबवर आला, तरी अंधारात त्याला आपली बराक सापडावी, इतका साचा पक्का.

रोम शहरात सम्राट ट्राजनचा विजयस्तंभ आहे, इसवी सन ११३ मधला. त्याच्या कोरीवकामाची सुरुवातच डॅन्यूबच्या काठाने होते. टेहळणीचे बुरूज, त्यांच्या सज्जातून बाहेर आलेली मशाल, खाली रचून ठेवलेले ओंडके आणि गवताच्या गंजी. मशाल पेटली, की पुढच्या बुरुजाने ओळखायचं. थोडं पुढे गेलं, की सैन्य नावांच्या पुलावरून नदी ओलांडताना दिसतं आणि खुद्द डॅन्यूब नदीचा दाढीवाला देव पाण्यातून कमरेइतका वर येऊन ते पाहत असतो. गोदामाईची ओटी भरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चित्र परकं वाटत नाही. नदी सरहद्द झाली, तरी तिचं देवपण गेलं नव्हतं.

त्याच ट्राजनसाठी अपोलोडोरस नावाच्या दमास्कसच्या स्थपतीने १०३ ते १०५ या काळात डॅन्यूबवर वीस दगडी खांबांचा पूल उभारला. लांबी एक किलोमीटरहून जास्त. नदीत गस्त घालायला आरमार होतं, ते वेगळंच. १९८१ मध्ये जर्मनीतल्या माइन्झ शहरात एका हॉटेलचा पाया खोदताना चौथ्या शतकातल्या रोमन गस्ती नावा सापडल्या. अरुंद, हलक्या, तीसेक वल्हेकऱ्यांनी पळवायच्या. सरहद्दीची नदी ही रोमसाठी रस्ताही होती. त्याच पाण्यावरून धान्य येई, दगड येई आणि तेच पाणी राखायचं असे.

दार कधी उघडतं

कडी केव्हा घालायची आणि केव्हा काढायची, हे मात्र नदी ठरवते. इथे युरोप आणि दख्खन एकमेकांच्या बरोबर उलटे आहेत.

डॅन्यूब एरवी ओलांडायला कठीण. पण कडाक्याच्या थंडीत ती गोठली, की सगळा काठच उतार होतो. मार्कस ऑरेलियसच्या काळात, इसवी सन १७० नंतरच्या युद्धात, इयाझिगीस टोळीचे घोडेस्वार रोमन सैन्याशी गोठलेल्या डॅन्यूबवर लढले. बर्फावर रोमन शिपायांचे पाय निसटतील, असा त्यांचा हिशेब होता. रोमन शिपायांनी ढाली बर्फावर टाकल्या, एकेक पाय त्यावर रोवला आणि घोड्यांचे लगाम धरून स्वारांना खाली ओढलं. ही हकिगत इतिहासकार कॅसियस डिओने लिहून ठेवली आहे.

आपल्याकडे दार बंद करतो तो पाऊस. मृग लागला, नद्या दुथडी भरल्या, की उतार बुडतात आणि मोहिमा थांबतात. शिपाई गावी जाऊन नांगर धरतो. पाणी ओसरतं ते नवरात्राच्या आसपास आणि मग दसरा येतो. त्या दिवशी आपण गावाची शीव ओलांडतो, सोनं लुटतो आणि त्याला सीमोल्लंघन म्हणतो. या सणामागे नदीचं पंचांग आहे. दसरा म्हणजे उतार मोकळे झाल्याची दवंडी.

'छावणी' हा शब्दही इथेच उलगडतो. छावणे म्हणजे छप्पर शाकारणे. पावसाळ्यात फौजेला एका जागी राहायला शाकारलेली घरं लागत, म्हणून ती छावणी. रोमन लोकांत हिवाळी मुक्कामाला 'हिबेर्ना' म्हणत, म्हणजे थंडीची छावणी. नायमेखन, क्सान्टेन, बॉन, माइन्झ इथे आधी तात्पुरते लाकडी तळ पडले, पुढे त्यांचे दगडी कोट झाले आणि कोटाभोवती शहरं वाढली. व्हिएन्ना, बुडापेस्ट, बेलग्रेड या तिन्ही राजधान्यांच्या पोटात डॅन्यूबकाठची रोमन ठाणी आहेत. तिकडे थंडीने शहरं वसवली, इकडे पावसाने किल्ला वसवला. त्या किल्ल्याचं नाव पेडगावचा बहादूरगड.

पेडगाव

अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंदे तालुक्यात, भीमेच्या उत्तर काठावर पेडगाव आहे. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश १६७२ नंतर दख्खनचा कारभार पाहू लागला आणि त्याने इथे पावसाळ्याची छावणी टाकली. छावणीची गढी झाली, गढीचा किल्ला झाला, आणि खानाच्या नावावरून बहादूरगड म्हणून तो ओळखला जाऊ लागला.

जागेची निवड पाहा. पुण्याकडून पूर्वेला येणारी डोंगराची सोंड इथे संपते आणि मैदान सुरू होतं. सोंडेच्या उत्तरेने गेलं, की जुन्नरकडची वाट. दक्षिणेने गेलं, की नीरा-बारामतीचं खोरं. पाठीमागे अहमदनगरचं दारूगोळ्याचं कोठार, आणि तिथपर्यंत जायला एकही मोठी नदी आड येत नाही. समोर भीमा, भीमेपलीकडे विजापूरकडे जाणारा मुलूख. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी या जागेचं महत्त्व फार नेमकं ओळखलं होतं. ऱ्हाइनच्या काठी ठाण्याची जागा शोधणारा रोमन सेनापती इथे आला असता, तर त्यानेही इथेच खुंटी ठोकली असती.

या किल्ल्यात सपाटीवर तट आहे, नदीच्या बाजूला उभी भिंत आहे आणि भीमेचं पाणी वर उचलायची सोय आहे. लोक तिला हत्तीमोट म्हणतात. उचललेलं पाणी पाटाने आणि खापरी नळांनी आत फिरवलेलं होतं. किल्ल्याहून कितीतरी जुनी यादवकाळातली देवळंही आत आहेत. लक्ष्मीनारायणाच्या देवळावरचं कोरीवकाम पाहताना कळतं, की खान येण्याआधी शतकानुशतकं या काठाला महत्त्व होतं. उतार आधी, देऊळ नंतर आणि किल्ला सर्वांत शेवटी.

पण कडी घातली तरी दारापाशी माणूस जागा असावा लागतो. शिवराज्याभिषेक झाला ६ जून १६७४ ला. पुढच्याच महिन्यात, ऐन पावसाळ्यात, दोन हजार मराठा स्वारांनी बहादूरखानाला हूल देऊन तळापासून लांब नेलं. दुसऱ्या वाटेने सात हजारांची फौज मोकळ्या छावणीवर आली. एक कोटीचा ऐवज आणि दोनशे उमदे घोडे गेल्याचं सरकारांनी नोंदवलं आहे. ज्या ऋतूत कुणी येत नाही अशी खात्री असते, त्याच ऋतूत मराठे आले. नदीच्या पंचांगावर विसंबलेल्या किल्ल्याला यापेक्षा मोठा धडा कुणी दिला नसेल.

याच किल्ल्याशी महाराष्ट्राची एक जखमही जोडलेली आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी कैद झालेल्या छत्रपती संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना इथेच औरंगजेबापुढे आणलं गेलं. म्हणून लोक आज या किल्ल्याला धर्मवीरगड म्हणतात. तिथे गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो.

नदीच किल्ल्यात घेतली तर

रोमन लोकांनी आणखी एक युक्ती केली होती. नुसता आपला काठ राखायचा नाही, पलीकडच्या काठावरही पाय रोवायचा. सम्राट कॉन्स्टन्टाइनने ३१० च्या सुमारास कोलोनसमोर ऱ्हाइनपलीकडे डॉइट्झचा कोट बांधला आणि दोन्ही काठ पुलाने जोडले. दार आपल्या हाती हवं, तर चौकटीच्या दोन्ही बाजू आपल्या हव्यात.

हेच शहाणपण पाहायचं असेल तर धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गला जावं. बोरी नदी किल्ल्याच्या पायाशी वळण घेते. पलीकडच्या काठावर रणमंडळ नावाचा जोडकोट आहे आणि दोन्हींच्या मधोमध नदीवर बंधारा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ मधलं हे काम. बंधाऱ्याने पाणी अडलं, त्याचा खंदक झाला. बंधाऱ्यावरून पलीकडे जाता आलं, म्हणजे त्याचा पूल झाला. आणि त्या भिंतीच्या पोटात कारागिरांनी महाल बसवला, पाणीमहाल. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे अंगावरून कोसळत असतात आणि आत उभा असलेला माणूस कोरडा राहतो. बांध, पूल, खंदक आणि महाल ही चार कामं एका भिंतीकडून करून घेणारा तो कारागीर जगातल्या कुठल्याही स्थपतीच्या पंक्तीला बसेल.

दोन बादशहा, दोन नद्या

सरहद्द राखता राखता माणसाचं आयुष्य सरतं. मार्कस ऑरेलियस हा तत्त्वज्ञ सम्राट वर्षानुवर्षं डॅन्यूबकाठच्या तळांवर राहिला. त्याच्या 'चिंतन' या वहीतल्या एका भागावर कार्नुन्टम या ठाण्याचं नाव आहे. १८० मध्ये त्या सरहद्दीवरच त्याचा अंत झाला.

औरंगजेबाने भीमेच्या काठी, मंगळवेढ्याजवळ माचणूर-ब्रह्मपुरीला तळ टाकला तो १६९५ मध्ये. १६९९ पर्यंत मुघल साम्राज्याचा कारभार भीमेच्या या वळणावरून चालला. सिद्धेश्वराच्या देवळाजवळ तो कोट अजून आहे. ऑक्टोबर १७०० मध्ये खवासपूरला रात्री माण नदीला लोंढा आला, छावणीत पाणी घुसलं, धावपळीत बादशहाचा गुडघा निखळला आणि उरलेलं आयुष्य तो लंगडत चालला. १७०७ मध्ये अहमदनगरला तो वारला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. उन्हाळ्यात जिच्या पात्रात वाळू दिसते, अशा आमच्या एका लहान नदीने हिंदुस्थानच्या बादशहाला दिलेली ती खूण होती.

सरहद्दीवरून काय काय गेलं

किल्ले पाहताना वाटतं, की सरहद्द म्हणजे तुटलेपणा. जमिनीतून निघालेल्या वस्तू वेगळं सांगतात. ऱ्हाइनला मिळणाऱ्या लिप्पे नदीच्या काठी ओबेराडेन इथे इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दशकांतला रोमन तळ उकरला गेला. त्यात मिऱ्याचे दाणे सापडले. मिरी पिकत होती ती भारतात. त्या थंड चिखलात पहारा देणाऱ्या शिपायाच्या जेवणात केरळची मिरी होती!

त्याच शतकांत आपला मुलूख रोमच्या व्यापाराशी जोडलेला होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाश्याच्या वाटाड्या ग्रंथात, 'पेरिप्लस'मध्ये, दख्खनची दोन गावं नावानिशी आहेत. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. पैठणचे रंगीत दगड आणि तेरचं कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. एक गाव गोदेवर, दुसरं तेरणेवर, आणि आमचं बीड दोहोंच्या मधे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळाच्या वस्तू डोळ्यांनी पाहता येतात.

भाषाही उतारावरून जाते. सीना जिथे भीमेला मिळते, त्या हत्तरसंग-कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे १०१८ मधला शिलालेख आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव ओळींत त्याची गणना होते. मराठी आणि कन्नड जिथे एकमेकींत मिसळतात, तिथे, दोन नद्यांच्या संगमावर, आपली भाषा दगडावर आली आहे.

आता आपलं काम

युरोपने आपली नदीकाठची सरहद्द जपली आहे. ऱ्हाइनच्या खालच्या टप्प्यातली चारशे किलोमीटरची रोमन ठाणी आणि डॅन्यूबच्या पश्चिम टप्प्यातली जवळजवळ सहाशे किलोमीटरची ठाणी २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. कित्येक ठिकाणी वर दिसायला दगडही नाही, सगळं जमिनीखाली आहे, तरी त्यांनी ते नोंदवलं. जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्लेही त्या यादीत गेले. आपली छाती अभिमानाने भरून आली आणि ती भरून यायलाच हवी. त्या बारांत सह्याद्री आहे, समुद्र आहे, जिंजीही आहे. देशावरच्या नदीकाठचा एकही किल्ला नाही.

किल्ल्याचा तट पडला, तरी चौथरा उरतो. उतार मात्र खुणेशिवाय जातो. पूल झाले, धरणं झाली, वाळू उपसली गेली. कुठून बैलगाडी जायची, कुठल्या खडकाला पाणी लागलं की वाट बंद समजायची, नावाडी कुठे उभा राहायचा, हे आज फक्त सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या माणसांना ठाऊक आहे. ते गेले, की समोरचा किल्ला तिथे का आहे, हे सांगणारं कुणी उरणार नाही.

म्हणून ही विनंती. पुढच्या आषाढीला दिंडीबरोबर सीना आणि भीमा ओलांडाल, किंवा दसऱ्याला शिवेवर जाल, तेव्हा नदीपाशी घटकाभर थांबा. गावातल्या आजोबांना, आजींना विचारा: पूल नव्हता तेव्हा उतार कुठे होता? ते दाखवतील ती जागा वहीत लिहा, तिचा फोटो काढा, शाळेतल्या मुलांना तिथे उभं करा. पेडगाव, माचणूर, नळदुर्ग ही नावं वाचवायची असतील, तर सुरुवात तुमच्या गावच्या उतारापासूनच करावी लागेल.